वेस्टकोटखालून शर्ट दिसतोय, मदत हवी आहे

घाईत_आहे:
परवा घालायचाय. अंगात येतो, पण चालताना पुढे वेस्टकोट आणि पँटच्या मधून शर्टाची पांढरी पट्टी दिसते. खाली कापड जोडून लांबी वाढवता येईल का? लवकर सांगा.

सुईदोरा:
पँट कमरेवर बसते की खाली? मुळात वेस्टकोट कुणाच्या मापाचा?

जुनी_पानं:
ऑक्टोबर 1666 मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने हा पोशाख दरबारात आणला. सॅम्युअल पीप्सच्या रोजनिशीत नोंद आहे. तेव्हा तो जवळजवळ गुडघ्यापर्यंत असे.

घाईत_आहे:
राजाला परवापर्यंत बोलावता येईल का? पँट साधीच आहे हो.

टापटीप:
बाकी काही करा, शेवटचं बटण लावू नका. सातव्या एडवर्डपासून ही रीत आहे म्हणतात. आणि पट्टा नको, बक्कल वेस्टकोटखालून फुगून दिसतं. गॅलिस, म्हणजे खांद्यावरून पँट धरणारे पट्टे, लावा.

रोजचाच_कोट:
मी कायम पट्टा लावतो, काही होत नाही.

टापटीप:
तुम्हाला दिसत नसेल, समोरच्याला दिसतं.

घाईत_आहे:
शेवटचं बटण सोडलं तर शर्ट अजूनच दिसतो!! वेस्टकोट भावाचा आहे, मी मुलगी आहे, खाली लो-वेस्ट जीन्स. काखेजवळ मुंढ्यातही फुगतो.

सुईदोरा:
हे आधी सांगायचं ना! पुरुषांच्या कापात छातीला टक्स, म्हणजे उभारासाठी शिवलेल्या चुण्या, नसतात. पुढचं कापड छातीवर खर्ची पडतं, म्हणून खालची कड वर उचलली जाते. शिवाय घेर नितंबांवर अडकून वर सरकतो. कापड जोडू नका, पुढची टोकं बिघडतील आणि जोड दिसेल. आधी उंच कमरेची पँट घाला, निम्मा प्रश्न तिथेच मिटेल. मग पाठीवरची पट्टी सैल करा. बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, असेल तर कमरेखाली थोडं उसवून घ्या. मुंढ्याला छोटा टक घेता येईल, पण भावाला विचारून!

रोजचाच_कोट:
बटणंही उलटी पडतील. पुरुषांची डावी बाजू वर असते, बायकांची उजवी.

सुईदोरा:
तिने ते विचारलंय का? काजं कापलेली असतात, ती बदलत नाहीत. तशीच घाल.

घाईत_आहे:
आईची जुनी उंच कमरेची पँट सापडली! पट्टी सैल केली, बसून-उठून पाहिलं, शर्ट दिसत नाही. मुंढा अजून फुगतोय, भाऊ सुई लावू देत नाहीये.

टापटीप:
शेवटचं बटण सोडलंत ना?