उत्तर: ‘सिम्प्सन्समध्ये ख्रिस्ती धर्माची नुसती टिंगल’

वर कुणी म्हटलंय की सिम्प्सन्स या अमेरिकी कार्टून मालिकेत चर्चची फक्त खिल्लीच उडवतात. १९९२ चा ‘होमर द हेरेटिक’ हा भाग नीट बघा. थंडीमुळे होमर, म्हणजे सिम्प्सन कुटुंबातला बाप, चर्चला दांडी मारतो, घरीच मजा येते म्हणून पुढेही जात नाही. स्वप्नात खुद्द देवच येतो आणि कधीकधी आपल्यालाही त्यापेक्षा फुटबॉल बघावंसं वाटतं, हे कबूल करतो! यात देवाच्या हाताला पाच बोटं आहेत, बाकी सगळ्यांना चार.

पुढे होमर सिगार पेटता ठेवून झोपतो, घराला आग लागते. त्याला बाहेर काढतो तो शेजारचा भाविक फ्लँडर्स, ज्याची एरवी सगळ्यात जास्त थट्टा होते. आग विझवायला येतात हिंदू दुकानदार अपू आणि ज्यू विदूषक क्रस्टी. इथे चर्चचा पाद्री लव्हजॉय अपूच्या धर्माला चक्क ‘इतर’ म्हणून उडवतो आणि अपू लगेच जगातल्या कोट्यवधी हिंदूंची आठवण करून देतो. म्हणजे टोला बसतो तो पाद्र्याच्या अज्ञानाला, श्रद्धेला नाही.

शेवटी होमर चर्चमध्ये परततो खरा, पण पहिल्या रांगेत बसून घोरतो.