टांगत्या चुलीच्या लोखंडी सरंजामाला मराठीत काय म्हणतात? आणि पुण्यात तो घडवून कोण देईल?

कोथरूडहून, विचारणा
दिवाळीनंतर मुळशीकडे ओळखीच्या शेतावर आमच्या गटाचा शिवकालीन पद्धतीचा मुक्काम ठरतोय. राहुटी, घोंगड्या, लाकडावरचा स्वयंपाक. गॅस आणि बॅटरी बंद. ही कल्पना इंग्लंडातून उचलली आहे. तिथली ‘सील्ड नॉट’ ही संस्था १९६८पासून तिथल्या १६४२ ते १६५१च्या यादवी युद्धातल्या लढाया वेशभूषेसकट उभ्या करते. (त्या यादवीच्या वेळी इकडे महाराज ऐन उमेदीत होते, हे ध्यानात आलं आणि गट एकदम पेटला.) असे हौशी लोक तळावर रांधतात तेव्हा जाळाच्या दोन बाजूंना लोखंडी खांब रोवतात, वर आडवी दांडी, दांडीला आकडे आणि आकड्यांना भांडी. सगळं हातानं ठोकून घडवलेलं. या सरंजामाला मराठी शब्द काय? तांबट आळीत विचारलं तर ‘लोखंड आमचं काम नाही’ म्हणून परत पाठवलं.

सदाशिव पेठेतून
अशा प्रकाराला ‘जिवंत देखावा’ म्हणतात. गणपतीत दरवर्षी असतो.

कोथरूडहून
देखाव्याला प्रेक्षक लागतात. आम्हाला कुणी बघायला यायला नकोय.

सदाशिव पेठेतून
मग सहल म्हणा.

हडपसरहून
सरंजामाबद्दल सांगतो. अख्ख्या संचाला आपल्याकडे एक नाव नाही, कारण आपलं भांडं जाळावर टांगत नाहीत, बसवतात. तीन दगड मांडले की चूल झाली. माणसं जास्त असली तर चर खणायचा, गुऱ्हाळावर चुलाण घालायचं. भांडं प्रत्येक वेळी खालूनच टेकलेलं. आपल्या पातेल्याला किंवा टोपाला बादलीसारखी कडी नसते ती त्यामुळेच. घरात टांगलेलं असायचं ते शिंकं, आणि तेही मांजरापासून दूध वाचवायला. तेव्हा नुसता सरंजाम घडवून भागणार नाही, त्याला अडकवायला कडीचं भांडंही लागेल.

सुटे भाग मात्र सगळे मराठीत आहेत. ज्याला वर बेचकं असतं आणि ज्यावर आडवं लाकूड टेकतं, तो खांब म्हणजे मेढ. मुहूर्तमेढीतली मेढ तीच. वरच्या आडव्याला छपरात आढं म्हणतात. एस आकाराचा तो दुतोंडी आकडा. खाली तीन पायांचं काही हवं असेल तर तिवई. अडणीही तीन पायांचीच, पण ती शंखाखाली देवघरात बसते, तिला जाळावर नेऊ नका.

नाशिकहून
भांडं टांगण्यापेक्षा मांस सळईला लावून भाजणार असाल तर त्याला थेट जुना शब्द आहे. अमरकोशात शुळावर भाजलेल्याला ‘शूल्य’ आणि भांड्यात शिजवलेल्याला ‘उख्य’ म्हटलंय. तेव्हा जेवणाची पाटी संस्कृतात लावता येईल. बाकी तुमच्या गटात शाकाहारी किती, ते आधी मोजा.

कोथरूडहून
निम्मे. म्हणून वांगी सळईवर, पिठलं टांगून आणि भाकरी तव्यावर, असं ठरतंय. हडपसरकर दादा, घडवायला कुणाकडे जाऊ?

हडपसरहून
घिसाडी गाठा, म्हणजे फिरते लोहार. शेताच्या हंगामाआधी गावोगाव रस्त्याकडेला पाल टाकून बसतात: भाता, ऐरण आणि घण. बऱ्याचदा घण बाई मारते आणि सांडशीत लोखंड धरून बाप्या ते फिरवतो. विळे, खुरपी, कुऱ्हाडी शेवटून (झिजलेली धार पुन्हा ठोकून) देणं हे त्यांचं रोजचं काम. काही लोक ‘घिसाडघाई’ या शब्दाचा संबंध यांच्याशी जोडतात. पण लोखंड लाल आहे तोवरच घाव बसतो, काळं पडलं की परत भट्टीत घालावं लागतं. तिथं सावकाशीला जागाच नाही.

नाव सांगत बसू नका, कागदावर आकृती काढून न्या. मेढीसाठी अर्धा इंची चौकोनी गज चार फूट. एक टोक ओढून अणकुचीदार करायला सांगा, ते फूटभर जमिनीत जाईल. दुसरं टोक लाल करून छिन्नीनं मधोमध चिरायचं आणि दोन्ही पाकळ्या बाहेर वळवायच्या, की बेचकं तयार. चौकोनी गज अशासाठी की गोल सळी मातीत फिरते आणि वर भरलं भांडं असलं की पूर्ण मांडणी एका बाजूला कलते. हौस असेल तर मधल्या वीतभर भागाला पीळ द्यायला सांगा. एक टोक घट्ट धरून दुसरं तापल्या अंगानं फिरवलं की चारही कडा दोरीसारख्या वळतात. हातकाम ओळखायची खूण म्हणजे तो पीळ थोडा कमीजास्त असतो.

गज तुम्हीच घेऊन जा, रविवारातल्या बोहरी आळीतून. बांधकामाची सळी नको, तिच्यावरच्या कंगोऱ्यांनी शिवकाळ तिथंच संपतो. आणि जस्ताचा मुलामा दिलेलं चकचकीत लोखंड तर अजिबात नको. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं. भट्टीत आणि भर निखाऱ्यात त्याचा धूर होतो, तो छातीत गेला की थंडी-ताप भरतो. घिसाडी स्वतःच असलं लोखंड हातात घ्यायला तयार होत नाही.

कसबा पेठेतून
तांबट आळीला इतक्यात सोडू नका, भांडं तिथंच मिळेल. मठारलेलं (हातोडीनं ठोके दिलेलं) तांब्याचं पातेलं घ्या आणि कडी रिबिट मारून बसवून घ्या. वेल्डिंग नाही म्हणून स्पष्ट सांगा, नाहीतर सोयीचं तेच होतं. आतून कल्हई हवीच. पण कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं. भांड्यात पाणी किंवा रस्सा आहे तोवर काळजी नाही, रिकामं भांडं जाळावर राहिलं की कल्हई ओघळते. फोडणी त्यात करूच नका, ती लोखंडी कढईत करून वरून ओता. आकडेही दोन लांबींचे करून घ्या: उकळी येईपर्यंत लांब, नंतर आखूड लावून भांडं वर घ्यायचं.

डोंबिवलीहून
गंजाचं काय? आमच्या घरचा लोखंडी चिमटा एका पावसाळ्यात लाल झाला.

हडपसरहून
घडवून झाल्यावर तुकडा गरम असतानाच जवसाचं तेल फडक्यानं चोळायचं. काळा थर धरतो. रंग मारू नका, पहिल्याच जाळात पोपडे पिठल्यात पडतील.

सदाशिव पेठेतून
तंबू-कनाती ठेवायची जागा म्हणजे फरासखाना. आता तिथं पोलीस ठाणं आहे. राहुटी मागायला जाऊ नका.

कोथरूडहून
यादी केली: मेढी दोन, आढं एक, लांब आकडे दोन, आखूड दोन, तिवई एक, उलथणं, फुंकणी. बुधवारी जुन्या बाजारात जाऊन आधी एखादी जुनी तिवई मिळते का बघतो.

हडपसरहून
लोहारासमोर आढं म्हणू नका, तो छपराचं माप विचारेल. दांडी म्हणा. आणि ती जरा जास्त लांब करा. दोन्ही बाजूंना बेचक्याबाहेर चार-चार बोटं निघाली नाहीत, तर मेढ हलताच दांडी खाली येते. रोवलेल्या मेढी वर बाहेरच्या बाजूला किंचित कललेल्या ठेवा.