होली अपॉसल्सची पंगत : तुमचेही अनुभव लिहा

मेतकूट
काल न्यू जर्सीतील गणेशोत्सवात महाप्रसाद वाढताना मला मॅनहॅटनमधील होली अपॉसल्स हे एपिस्कोपल (अमेरिकेतील अँग्लिकन पंथाचे) चर्च फार आठवले. २००३ साली नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसामुळे पगारी काम करता येत नव्हते, तेव्हा मी वर्षभर तेथे वाढायला जात असे. हडसन नदीच्या धक्क्यांवर राबणाऱ्या स्थलांतरितांसाठी १८४४ मध्ये ही उपासकांची मंडळी स्थापन झाली, १८४८ मध्ये आजची इमारत उभी राहिली आणि १९८२ पासून तेथे दुपारचे गरम जेवण दिले जाते. नाव, धर्म किंवा कागदपत्रे कोणी विचारत नाही. पहिल्याच दिवशी एका वृद्धाने उरलेला पाव कागदी रुमालात घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. माझे आजोबा लग्नाच्या पंगतीतला लाडू आम्हां नातवंडांसाठी असाच बांधून आणत. त्यामुळे पुढची काही ताटे माझ्या डोळ्यांना नीट दिसलीच नाहीत.

चाफेकळी
ताई, त्या व्हिसावरची रिकामी दुपार मीही भोगली आहे. तेथे शाकाहारी काही मिळत असे का?

मेतकूट
भाज्या, फळे आणि पाव असे. वरणाची आठवण मात्र रोज येई.

दगडीपाटी
बाकांविषयी लिहायलाच हवे. १९९० च्या एप्रिलमध्ये आगीने छताचा मोठा भाग आणि काही रंगीत काचा नष्ट झाल्या, तरी दुसऱ्या दिवशीही जेवण चुकले नाही. पुढे डागडुजी पूर्ण झाली तेव्हा स्थिर बाके परत बसवली नाहीत. त्यामुळे प्रार्थनेच्या मुख्य दालनातच गोल टेबले मांडून पंगत बसू लागली. वास्तुरक्षणातला इतका सुंदर निर्णय मी दुसरा पाहिलेला नाही.

रातराणी
मी समोरच्या पेन साउथ वसाहतीत एका आजींची शुश्रूषा करीत असे. कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेने उभारलेली ही सहकारी घरे १९६२ मध्ये खुली झाली. आजी स्वतः शिवणकामगार होत्या आणि ज्यू होत्या. शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांचा हात धरून त्यांना याच चर्चमध्ये नेत असे, कारण एक ज्यू मंडळी आपली शब्बाथची, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या पवित्र दिवसाची, प्रार्थना अनेक वर्षे तेथेच करीत असे. दुपारी जेथे जेवणाची टेबले असत, तेथेच संध्याकाळी हिब्रू प्रार्थना ऐकू येत. गॅसवर दूध आहे, उरलेले रात्री लिहिते.

चाफेकळी
रातराणी, जरूर लिहा. माझा मुलगा पुढच्या आठवड्यात सुट्टीवर आहे, त्याला घेऊन वाढायला जावे असे मनात आले आहे. रस्ता कोणी सांगेल का?

दगडीपाटी
पेन स्थानकातून बाहेर पडून पश्चिमेकडे चालावे, नवव्या अव्हेन्यूवर डावीकडे वळावे आणि २८व्या रस्त्यापर्यंत जावे. स्वयंसेवकांची नोंदणी आधी करावी लागते, ती आजच करून टाका.