मदत हवी आहे: तंबूत दोन दिवस काय शिजवू? (आज रात्रीच सांगा)

घाईत_आहे: शनिवारी सकाळी डोंबिवलीहून निघतोय, रविवारी संध्याकाळी परत. तंबूत राहणार. जेवण बाहेरून नको, आपलं आपण करायचं असं घरात ठरलंय, आणि 'आपण' म्हणजे मी. सोप्यात सोपं, कमी भांड्यांत होणारं, मुलं न कुरकुरता खातील असं सांगा. यूट्यूब बघून झालंय, तिथे सगळे मश्रूम भाजत बसलेत. दुकान साडेनऊला बंद होतं.

कडेकपारी: किती माणसं? कुठे? गाडी घरची की एसटी? गॅस की चूल? हे न सांगता काय डोंबल सुचवणार?

पावशेर: मॅगी. विषय संपला.

आजोळ: मॅगी खायला एवढं लांब कशाला, गॅलरीत तंबू ठोका की! मी सांगते ते करा, सगळी तयारी घरून कोरडी न्यायची. २ वाट्या तांदूळ आणि १ वाटी मूगडाळ धुऊन पंख्याखाली सुकवा, जरा परतून घ्या, त्यातच हळद, हिंग, जिरं, मीठ घालून पिशवी बांधा. तिथे तुपात दोन मिनिटं परतून ९ वाट्या पाणी आणि कुकरच्या ४ शिट्ट्या. आसट खिचडी तयार. रवा फोडणीसकट भाजून डब्यात भरा, सकाळी उकळतं पाणी ओतलं की उपमा. दुधात भिजवलेल्या दशम्या न्या, थंडीत दोन दिवस सहज राहतात. सोबत दाण्याची चटणी. पहिल्या दुपारी दडपे पोहे, त्याला शेगडीही लागत नाही, वरून मूठभर दाणे.

रानभूल: हे सगळं घरीही होतंच की. तीन दगड मांडा, चुलीवर पिठलं करा. नाहीतर सरळ पोपटी लावा, आत्ता हंगाम आहे. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा आणि जाडं मीठ. मडकं उलटं ठेवून भोवती पेटवायचं, अर्ध्या तासात काम तमाम.

कडेकपारी: भांबुर्डी डोंबिवलीत कुठे मिळणार त्यांना?

रानभूल: मिळते हो, शोधणारा हवा. आमच्या अलिबागकडे तर कुठल्याही शेताच्या बांधावर.

तापीकाठ: गुजरातेत वलसाडकडे हेच उंबाडियू म्हणून विकतात. मूळ कुणाचं ते सांगा बघू.

रानभूल: रायगडचंच. यात वाद नाही.

तापीकाठ: म्हणजे वाद आहे.

घाईत_आहे: अहो, पोपटी बाजूला ठेवा! ६ जण आहोत. आम्ही दोघं, आई, बाबा, मुलं ९ आणि ५ वर्षांची. भंडारदरा, पाण्याच्या जवळ. गाडी घरची. शेगडी आहे ती चपटी, बाजूला गॅसची डबी बसते ती. आणि दाण्याचं काही सांगू नका, धाकट्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे.

आजोळ: हे पहिल्या ओळीत लिहायचं की हो! मी आपली दाण्याची चटणी, दडप्यांवर दाणे करत बसले. चटणी तिळाची किंवा सुक्या खोबऱ्याची करा. पोह्यांवर ओलं खोबरं, दाणे अजिबात नकोत.

सुगरण_नाही: नुसते दाणे वगळून भागत नाही. तेल कुठलं नेताय? घाण्यावरचं शेंगदाणा तेल असेल तर घरीच ठेवा. त्यात दाण्याचा अंश राहतो, सूर्यफुलाचं घ्या. तयार पाकिटांवर बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा, फराळी चिवडा तर नकोच. माझ्या भाचीचं सांगते. दाणे कुणीच दिले नव्हते. मोठ्यांच्या पोह्यांतला कालथा तिच्या उपम्यात फिरला, तेवढ्यावर ओठ सुजले आणि रात्र दवाखान्यात गेली. तंबूत कालथा एकच असतो आणि धुवायचा कंटाळा येतो. म्हणून सगळ्यांचंच बिनदाण्याचं करा, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध डिकीत नको, खिशात ठेवा.

वाटसरू_३: एवढा खटाटोप कशाला? रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ बघायला जालच, तिथे गावातच पिठलं-भाकरी सांगून टाका.

घाईत_आहे: पहिली पोस्ट वाचा ना!

रानभूल: चुलीचं मात्र मनावर घ्याच. शेगडीवरच्या भाकरीला चव नाही.

कडेकपारी: तो सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, रानात जाळ करायला मनाई आहे. वाळलेलं गवत आणि धरणावरचा वारा, एक ठिणगी पुरते. चूल नको. आता शेगडीबद्दल, कारण हे कुणी सांगत नाही. २२५ ग्रॅमची डबी मोठ्या आचेवर जेमतेम दीड तास पुरते. थंडीत आतला ब्यूटेन आळसावतो आणि आच बसते. ६ माणसांना ४ डब्या न्या, रात्री उघड्यावर ठेवू नका. वाऱ्याला आडोसा एकाच बाजूने करायचा. चारी बाजूंनी झाकलं की डबी तापते. मोठा तवा चढवून डबीवर आणायचा नाही, तेही त्याच कारणाने. आणि कितीही गारठा असो, तंबूच्या आत शेगडी लावायची नाही. धूर दिसत नाही म्हणजे विषारी वायू नाही असं नसतं.

घाईत_आहे: हे कामाचं. एकच राहिलं. शनिवारी संकष्टी आहे आणि आईचा उपवास. साबुदाण्याची खिचडी दाण्याच्या कुटाशिवाय होते का?

पावशेर: अजून काही लपवलंय? बाबांना गुडघ्याचं, बायकोला लसणाचं?

आजोळ: होते. कुटाऐवजी ओलं खोबरं आणि बटाटा. पण कूट ओलावा ओढून घेतं, खोबरं ओढत नाही. साबुदाणा कमी पाण्यात भिजवा नाहीतर गोळा होईल.

तापीकाठ: कूट नाही ती खिचडी नव्हे, खळ.

सुगरण_नाही: भगर करा. जिऱ्याची फोडणी, पाणी, झाकण, दहा मिनिटं. दह्याशी खातात, मुलंही खातील.

वाटसरू_३: संकष्टी चंद्रोदयाला सुटते. तिथे पंचांगातली वेळ धरू नका, डोंगराआडून चंद्र वर यायला वेळ लागतो. आम्ही एकदा पाऊण तास ताट वाढून बसलो होतो, वरण गार!

कडेकपारी: मग सोपंच झालं की. आई दुपारी फराळाचं खातील, रात्री चंद्र दिसला की सगळ्यांनी मिळून मूगडाळ खिचडी. दुसरा स्वयंपाक कशाला? आईंना विचारलंत का पण?

घाईत_आहे: आत्ता विचारलं. म्हणाली, रताळी मी घरूनच उकडून घेणार होते, तुला कुणी सांगितलं माझ्या उपवासाचं बघायला? असो. यादी: खिचडीची पिशवी, उपम्याचा रवा, दशम्या, तिळाची चटणी, पोहे, नारळ, तूप, दही, सूर्यफुलाचं तेल, ४ डब्या. दुकानात उभा आहे. लायटर घेऊ की काडेपेटी?

कडेकपारी: दोन्ही. आणि घरी गेल्यावर कुकरची शिट्टी आजच कुकरच्या आत टाकून ठेवा. मी एकदा ती ओट्यावर विसरून कळसूबाईच्या पायथ्याला पोचलोय.

पावशेर: मॅगी?

घाईत_आहे: ६ पाकिटं घेतली. पाकिटं वाचून.