बाबा आणि केअरटेकर दोघंही चांगले, तरी रोज खटके उडतात

प्रश्न:
बाबा ८१ वर्षांचे, पार्किन्सन्स (कंपवात) आहे. सांभाळायला दुसऱ्या देशातून आलेली ताई आहे, चोवीस तास घरातच असते, माणूस म्हणून सोनं आहे हो, पण बाबा शर्टाची बटणं लावायला घेतात, हात थरथरतो, वेळ लागतो आणि ही झटकन त्यांचा हात बाजूला करून स्वतःच लावून टाकते. बाबा भडकतात, "मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" ती मान खाली घालून गप्प. समजावलं की "हो हो" म्हणते आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. तिला काढायचं मनातही नाही, पण करू काय?

उत्तर १:
मी सात वर्षं परदेशात हेच काम केलंय. म्हातारं माणूस धडपडतंय आणि आपण नुसतं बघत उभं राहायचं, हे मला पाप वाटायचं. आजी ओरडायच्या, "माझ्याकडे बघून बोल", आणि मी वाढले तिथे मोठ्यांच्या नजरेला नजर देणं म्हणजे उद्धटपणा. आणि माझं "हो" म्हणजे फक्त "ऐकलं". कळलं नाही म्हणायची भीती वाटायची, कारण व्हिसा त्याच नोकरीवर होता, ती गेली की सगळंच गेलं.

उत्तर २:
फिजिओ आहे. हाताची सवय तुटली की आहे तेवढंही जातं, त्यामुळे बाबांचं बरोबर आहे. पण तिला "मदत करू नको" सांगू नका, तिला दुसरं काम द्या. कॉलर धर, बटण काजात अर्धं सरकव, पुढचं बाबा ओढतील. गोळीचा असर चांगला असतो त्या वेळेला कपडे बदलायचे ठेवा. आणि "कळलं का" विचारू नका, "करून दाखव" म्हणा, तेही बाबांसमोर नाही.

उत्तर ३:
चोवीस तास म्हणजे सुट्टी कधी? आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) २०११ च्या घरकामगार करारात (क्रमांक १८९) आठवड्याला सलग किमान २४ तास विश्रांती सांगितलीय. दमलेलं माणूस घाईच करणार ना.

प्रश्नकर्ती:
सुट्टीचं खरंच चुकलं माझं, वाईट वाटलं वाचून. आता रविवारी मी थांबणार बाबांजवळ. आज तिने नुसती कॉलर धरली, बाबांनी तीन बटणं लावली आणि चौथ्याला त्यांनीच तिला खुणेने बोलावलं.