चालत्या चर्चास्थळाचा कोड: थोडा थोडा बदलावा की एका रात्रीत?

तुकडेजोड

समजा, एक मराठी चर्चास्थळ आहे. पंधरा वर्षं जुनं, पीएचपी ५.६ या प्रोग्रॅमिंग भाषेवर, मागे मायएसक्यूएल ५.६ हा डेटाबेस, प्रतिसाद दहा लाखांच्या घरात. देखभाल करणारे दोन-तीन जण, तेही नोकरी सांभाळून. अशा वेळी 'सगळं नव्याने लिहून काढा' हा सल्ला हमखास मिळतो. माझं मत उलट आहे. एका वेळी एकच बदल, तो लाइव्ह करायचा, दोन दिवस एरर लॉगवर नजर ठेवायची, मग पुढचा.

सुरुवात गिटपासून, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनापासून. सर्व्हरवर शिरून थेट फाइल बदलणं त्याच दिवशी बंद. त्यानंतर डेटाबेसशी बोलणारी जुनी 'मायएसक्यूएल अंडरस्कोर' फंक्शनं. ती पीएचपी ७ मध्ये काढूनच टाकली आहेत, त्यामुळे आवृत्ती चढवण्याआधी पीडीओवर (पीएचपीची डेटाबेसशी बोलायची नवी सोय) जायला हवं. पीडीओ ५.६ वरही चालतं, म्हणून हा बदल आजच करता येतो. मग ७.४, तिथे स्थिरावलं की ८.

७.४ ला मुक्काम का? पीएचपी ८ मध्ये शून्य आणि अक्षरी मजकूर यांची दुहेरी बरोबरच्या चिन्हाने केलेली तुलना बदलली. आधी '० == "लेख"' खरं यायचं, आता खोटं येतं. एरर येत नाही, पान कोसळत नाही, फक्त 'इफ' गुपचूप दुसऱ्या वाटेने जातो. त्याच रात्री क्वेरी आणि टेम्प्लेटही बदलली असतील तर दोष शोधायचा कुठे?

कोरी_पाटी

असहमत. तुमच्या मधल्या काळाची किंमत कोण मोजणार?

अर्ध्या फाइल पीडीओवर, अर्ध्या जुन्या फंक्शनांवर, म्हणजे एकाच पानासाठी डेटाबेसची दोन वेगळी कनेक्शनं. एकावर ट्रान्झॅक्शन (एकगठ्ठा बदल) उघडून लेखाची ओळ बदलली आणि ते बंद करण्याआधी दुसऱ्यावरून त्याच ओळीतला प्रतिसादांचा आकडा वाढवायला गेलात, तर कोड स्वतःच्याच लॉकवर थांबतो. असं किती वेळ थांबायचं, याची इनोडीबीची (मायएसक्यूएलचा टेबलं साठवणारा भाग) मूळ सेटिंग ५० सेकंदांची. वाचक तोवर गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसतो, मग पुन्हा 'प्रकाशित करा' दाबतो. शिवाय शेवटच्या इन्सर्टचा (नव्या ओळीचा) आयडी एका कनेक्शनवरून दुसऱ्यावर मिळत नाही. नवा धागा झाला, पण त्याचा आयडी शून्य, अशी गंमत होते.

तुकडेजोड

फाइलनिहाय गेलं तर हे होणारच, म्हणून तसं जायचंच नाही. आधी डेटाबेसचे सगळे कॉल ज्यातून जातील असं एकच वेष्टन फंक्शन लिहा, आत जुनंच फंक्शन ठेवा. मग कोडभर विखुरलेले दोन-चारशे कॉल त्या वेष्टनाकडे वळवा, हवं तर रोज वीस. वागणूक तसूभर बदलत नाही. ग्रेप (कोडभर शब्द शोधणारी आज्ञा) मारून बाहेर एकही जुना कॉल उरला नाही हे बघितलं की वेष्टनाच्या आतल्या ओळी पीडीओच्या करा. दोन कनेक्शनं कधीच एकत्र नसतात.

बाइटबाई

वेष्टन छान. पण त्या 'आतल्या ओळीं'मध्येच सुरुंग आहे.

त्या काळातल्या कितीतरी मराठी स्थळांची टेबलं लॅटिन१ ची, म्हणजे रोमन अक्षरांपुरत्या जुन्या एन्कोडिंगची आहेत. पान यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांचं एन्कोडिंग), कनेक्शन लॅटिन१, टेबल लॅटिन१. बाइट्स न बदलता आत जातात, न बदलता बाहेर येतात, म्हणून देवनागरी नीट दिसते. पीडीओच्या कनेक्शनमध्ये सवयीने यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) लिहिलंत की जुना प्रत्येक लेख त्या क्षणी टोपी घातलेल्या रोमन अक्षरांचा कचरा दिसेल. तेव्हा पीडीओचं कनेक्शनही आधी लॅटिन१ च ठेवा. घाण वाटेल, पण ठेवा.

टेबल दुरुस्त करायला 'कन्व्हर्ट टू' ही आज्ञा थेट चालवू नका. मायएसक्यूएलला तो मजकूर खरंच लॅटिन१ वाटतो, तो प्रत्येक बाइट पुन्हा एन्कोड करतो आणि कचरा कायमचा साठवतो. वाट दोन पायऱ्यांची: टेक्स्ट स्तंभाचा ब्लॉब, व्हारचारचा व्हारबायनरी (दोन्ही नुसत्या बाइट्सचे प्रकार), मग त्याचा यूटीएफ८एमबी४.

दुसरी पायरी शीर्षकावर अडते. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट्स, म्हणजे शीर्षकाच्या २५५ बाइट्सच्या लॅटिन१ स्तंभात जेमतेम ८५ चिन्हं, आणि काना-मात्राही वेगळ्या मोजायच्या. 'स्त्री' हा एकच शब्द १८ बाइट्स खातो. मध्ये स्पेस आल्या की २५५ वा बाइट कुठल्यातरी चिन्हाच्या पोटात पडतो आणि शेवटचं चिन्ह अर्धं कापून साठवलेलं असतं. स्ट्रिक्ट मोडमध्ये (चुकीचा डेटा नाकारणारी सेटिंग) अशा पहिल्याच ओळीवर एरर १३६६ येऊन ऑल्टर (टेबल बदलणारी आज्ञा) थांबतो. त्यामुळे बरोबर २५५ बाइट्सची शीर्षकं आधी क्वेरीने काढा आणि त्यांची तुटकी शेपटी छाटा.

कोरी_पाटी

मी तेच म्हणतोय! हे तुकड्यांत कसं करणार? शीर्षक बदललं, मजकूर राहिला, कनेक्शन मात्र एकच. काहीतरी एक बिघडलेलं दिसणारच.

तुकडेजोड

प्रत्येक ओळीला 'बदलली / नाही' असा एक स्तंभ द्या, हजार-हजार ओळी बदला, वाचणारा कोड तो स्तंभ पाहून ठरवेल.

बाइटबाई

आणि शोध? क्रमवारी? 'सावरकर' शोधलं की सापडणार फक्त बदललेल्या ओळी. या कामाला माझं मत कोरी_पाटींना: स्थळ चार-सहा तास बंद, एका रात्रीत. कॅरेक्टर सेट बदलताना सगळं टेबल नव्याने लिहिलं जातं आणि तोवर लिखाण थांबतंच, तेवढी मोकळी डिस्कही लागते.

अर्धविराम

२५५ चा स्तंभ इंडेक्समध्ये (शोध वेगवान करणारी यादी) असेल तर ऑल्टर तिथेही मरेल. यूटीएफ८एमबी४ एका चिन्हाला चार बाइट्स धरतं: २५५ गुणिले ४ = १०२०, आणि मायएसक्यूएल ५.६ मध्ये इंडेक्सची मूळ मर्यादा ७६७ बाइट्सची. म्हणून सगळीकडे तो १९१ चा आकडा दिसतो. ५.७ पासून ३०७२ आहे, पण टेबलाचा रो फॉरमॅट (ओळी साठवायची पद्धत) जुना कॉम्पॅक्ट राहिला असेल तर उपयोग नाही.

कोरी_पाटी

'ओळीला एक स्तंभ द्या' वाल्यांसाठी एक जुनं उदाहरण. १ ऑगस्ट २०१२, अमेरिकेतली शेअर व्यवहार करणारी कंपनी नाइट कॅपिटल. आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढलाच नाही. नव्या सोयीसाठी जो फ्लॅग (सोय चालू-बंद करणारी खूण) वापरला, तो त्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं निजलेल्या कोडचा होता. तो कोड जागा झाला आणि ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान. तुकड्यातुकड्याने गेलं की असले मेलेले फ्लॅग मागे पडतात. ते काढायची तारीख कोणी लिहून ठेवतं का?

तुकडेजोड

तारीख ठेवावी, मान्य. पण तिथला दोष अर्धवट चढवलेल्या कोडचा आणि जुना फ्लॅग पुन्हा वापरण्याचा; लहान बदलाचा नाही. फ्लॅगचं नाव पुन्हा वापरायचं नाही आणि फ्लॅग आणणाऱ्या कमिटसोबतच (गिटमध्ये नोंदवलेला बदल) तो काढणारा कमिट लिहून ठेवायचा, महिन्याभरात लावायचा.

कॅरेक्टर सेटची रात्र मात्र दिली. पण फक्त तीच, आणि पीडीओ आधी उरकून. त्याच रात्री मायएसक्यूएल ८ वर उडी नको. तिथे नव्या टेबलाचं मूळ कोलेशन (तुलना आणि क्रमवारीचे नियम) वेगळं आहे, जुन्या टेबलाशी जॉईन केलं की 'इल्लीगल मिक्स' म्हणून क्वेरी पडते.

बाइटबाई

आधी बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून ऑल्टरची वेळ मोजा, त्याच्या दुप्पट वेळ जाहीर करा. स्थळ उघडण्याआधी जुने पन्नास लेख डोळ्यांनी वाचा. लोक लिहू लागले की जुना बॅकअप चढवणं म्हणजे त्यानंतरचे सगळे प्रतिसाद घालवणं. उघडल्यावर कोणीतरी पाच मिनिटांत इमोजी टाकून बघणारच.