मदत हवी आहे: फाउंड्रीच्या एलसीएमध्ये धातूचा आकडा एवढा मोठा का येतोय?

साचेकार
ग्राहकाने आमच्या कास्टिंगचं (ओतीव भागांचं) जीवनचक्र मूल्यमापन (एलसीए, म्हणजे कच्च्या मालापासूनच्या पर्यावरणीय भाराचा हिशेब) मागितलंय. गुरुवारी अहवाल द्यायचाय. सगळं सॉफ्टवेअरमध्ये भरलं, तर कार्बनचा बहुतेक भार धातूवर पडतोय. वितळवायची वीज त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकीही नाही. भट्टी रात्रंदिवस चालते, मग हे कसं शक्य आहे? तीनदा तपासून झालं. चूक कुठे असेल ते सांगा. साच्यांच्या वाळूवर चर्चा नको, वेळ नाहीये.

जुना_ओतारी
धातू कोणता? भट्टी कपोला (कोकवरची) की इंडक्शन (विजेवरची)? ॲल्युमिनियम असेल तर धातू जड येणारच. खनिजापासून एक किलो काढायचं तर नुसत्या इलेक्ट्रोलिसिसला १३ ते १५ युनिट वीज लागते. भंगारापासून करताना त्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जेत भागतं. धातूच सांगितला नाहीत तर आम्ही काय शोधायचं?

साचेकार
एसजी आयर्न (मॅग्नेशियम घालून चिवट केलेलं ओतीव लोखंड), इंडक्शन. लिहायचं राहिलं.

हिरवी_फाइल
आयएसओ १४००१ घेतलंय का? नसेल तर आधी ते घ्या. आमच्याकडे ते आल्यापासून ऑडिट फार सोपं झालंय.

ताळेबंद
१४००१ म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाची पद्धत, त्यातून एका कास्टिंगचा आकडा निघत नाही. इथे १४०४० आणि १४०४४ लागतात. साचेकार, एकक काय धरलंय? एक किलो ओतलेला धातू की एक किलो पाठवलेला चांगला माल? महिन्याला ओतता किती आणि बाहेर जातो किती? आणि चार्जमध्ये, म्हणजे वितळवायला भट्टीत, काय काय टाकता ते वजनासकट लिहा.

साचेकार
एकक १ किलो तयार कास्टिंग. महिन्याला २०० टन ओततो, ११० टन पाठवतो. चार्जमध्ये पिग आयर्न (खनिजापासूनचं नवं लोखंड), स्टील स्क्रॅप, रिटर्न (आमचंच परत वितळवायला येणारं उरलेलं लोखंड). वीज टनाला ६३० युनिट, ती भरलीये.

भट्टीवर_नजर
६३० चांगलीच आहे. लोखंड १५०० अंशांपर्यंत न्यायला सिद्धांताने ३९० च्या आसपास लागतात, बाकी झाकण उघडं ठेवण्यात आणि धातू तयार असताना साचे तयार नसण्यात जातात. आम्ही लॅडल (धातू ओतायचं भांडं) आधी तापवून ठेवायला लागलो आणि टॅपिंगचं (भट्टीतून धातू काढतानाचं) तापमान खाली आणता आलं. तुम्हीही तेच करा, आकडा आपोआप उतरेल.

ताळेबंद
आकडा उतरवायचा कसा हे त्यांनी विचारलेलंच नाही, तो चुकलाय का हे विचारलंय. आणि ते ६३० ओतलेल्या टनाला आहेत ना? पाठवलेल्या टनाला धरा: ६३० गुणिले २००, भागिले ११०. सुमारे ११४५ होतात. रनर-रायझर (साच्यातल्या वाटांत गोठलेला जादा धातू) आणि रिजेक्शन (नापास माल) वितळवायलाही वीज लागलीच की. आता सांगा, २०० टनांतले रिटर्न कुठल्या ओळीत टाकलेत?

जुना_ओतारी
कपोल्यात हा घोळ नव्हता. कोक किती जाळला ते दिसायचं. एक किलो कार्बनचा ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड, हिशेब संपला.

भट्टीवर_नजर
इंडक्शनला धूरच नाही, तुलना कशाला करताय?

जुना_ओतारी
वीज कोळशावर बनत असेल तर धूर दुसऱ्या चिमणीतून निघतो. जीवनचक्र म्हटलं की ती चिमणीही आलीच.

वाळूघड्याळ
वाळू नको म्हणालात तरी लिहितेच. ग्रीन सँडमधल्या (साच्याच्या ओलसर वाळूतल्या) कोळशाच्या भुकटीवर तापलेला धातू पडला की बेन्झीन सुटतं. कोल्ड बॉक्स कोअर (रसायनाने घट्ट केलेले वाळूचे गाभे) असतील तर अमाइन. यांतलं काहीच कार्बनच्या रकान्यात दिसत नाही. फक्त कार्बन देऊन त्याला जीवनचक्र म्हणू नका. थर्मल रिक्लेमेशन (वाळू तापवून पुन्हा वापरण्याजोगी करणारं यंत्र) बसवलंत तर टाकाऊ वाळू खूप कमी होईल.

ताळेबंद
थर्मलला इंधन जाळावं लागतं ताई, कार्बन वाढूही शकतो. तुमची वाळू कुठून येते आणि कुठे टाकली जाते यावर ते ठरेल. बाकी बेन्झीनचं पटलं.

वाळूघड्याळ
वाढू दे थोडा. नॉक-आउटवर (साचा फोडून कास्टिंग काढतात तिथे) उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जाणारी सिलिका तर कुठल्याच रकान्यात नाही. माझ्या काकांनी त्या धुळीत उभं आयुष्य काढलं. अहवालात निदान एक परिच्छेद त्यावर लिहा.

साचेकार
लिहीन. रिटर्नचं विचारलंत, तर डेटाबेसात त्याला ओळ सापडली नाही. रसायन जवळपास तेच, म्हणून पिग आयर्नमध्येच मिळवले. पिग ३४ आणि रिटर्न ८६, मिळून १२० टन. स्क्रॅप ८०.

ताळेबंद
हीच ती चूक! पिग आयर्न ब्लास्ट फर्नेसमधून येतं, एका किलोमागे दीड-दोन किलो कार्बन डायऑक्साइड घेऊन. तुमचे ८६ टन रिटर्न शेडच्या बाहेर गेलेलेच नाहीत. ते दर फेरीला नव्या पिगच्या भावाने मोजले गेले. त्यांना ओळच नको, फेरी आतल्या आतच ठेवा. विकत घेतलेले ११४ टनच धरा. त्यातून ११० टन माल गेला, ४ टन स्लॅग (मळी) आणि जळण्यात. रिटर्नचा साठा महिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी सारखाच होता ना, तेवढं बघा. एसजीसाठी घालता ते फेरोसिलिकॉन मॅग्नेशियमही विसरू नका. वजनाने थोडं, पण ते बनवायला वीज भरपूर खातं.

हिरवी_फाइल
स्टील स्क्रॅपला शून्य भार कसा देता येईल? तेही कधीतरी खाणीतूनच आलं.

ताळेबंद
कट-ऑफ पद्धतीत तो भार पहिल्या वापरावर राहतो, स्क्रॅपवर फक्त गोळा करणं आणि वाहतूक. दुसऱ्या पद्धतीत शेवटी परत वितळण्याचं श्रेय मिळतं. दोन्ही चालतात, एकाच अहवालात मिसळू नका आणि कोणती वापरली ते पहिल्या पानावर लिहा.

साचेकार
सुधारलं. आता वीज धातूच्या वर आली. २०० आणि ११० वर विश्वास बसेना म्हणून शेडमध्ये जाऊन एक झाड (एका साच्यातून निघालेला कास्टिंगचा घड) रनर-रायझरसकट काट्यावर ठेवलं: ३१ किलो. तोडून नुसती कास्टिंग १८.६. म्हणजे साच्यातच ६० टक्के, उरलेली तूट रिजेक्शनची.

जुना_ओतारी
वजन शॉट ब्लास्टिंगच्या (छर्रे मारून साफ करण्याच्या) आधी केलंत की नंतर? वाळू चिकटलेली असते.

साचेकार
आधी. उद्या सकाळी पुन्हा करतो.